गाडी हलू दे

"गाडी हलू दे, मग झाडते," असं म्हणून अक्का केरसुणी भिंतीला टेकवायच्या आणि उंबऱ्यावर बसून राहायच्या.

शुक्रवार पेठेत, माझ्या खोलीसमोर, त्या उतारू ठेवत. घाऊक चादरी न् लुगडी घ्यायला आलेले व्यापारी त्यांच्याकडे मुक्काम करत. मी एकटा शाळामास्तर, दोन्ही वेळा तिथंच जेवायचो.

फिरतीवरचा व्यापारी मुक्कामाची जागा निवडताना काय बघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. गठ्ठे ठेवायला कोरडी जागा, दाराला भक्कम कुलूप, ढेकूण नसलेली बाज, अंघोळीला ऊन पाणी आणि पोटाला न बाधणारं जेवण. अक्कांकडे हे सगळं होतं. तिखट न सोसणाऱ्या एका शेठजींची आमटी त्या वेगळी काढत. वर "शेंगाची चटणी तेवढी चाखा की," असा आग्रह करत आणि शेठजींचे डोळे भरून आले की स्वतःच ताक आणून देत.

फक्त खोली लगेच मिळत नसे. माणूस बाहेर पडताच मागोमाग घर झाडू नये, हे आपण सगळेच मानतो. पण आपण घटकाभर थांबतो. अक्का निघालेल्या उतारूची गाडी शिट्टी देऊन सुटेपर्यंत थांबत. तोवर नवा पाहुणा ओसरीवर ट्रंकेवर बसून घाम पुसत असे.

विजापूरचे एक जुने शेठजी चिडवायचे, "अक्का, गाडी सुटलीच नाही तर आम्ही इथंच म्हातारं व्हायचं का?"

"व्हा की. भाकरी घालीन न्हवं मी?"

कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे यजमान सूत आणायला परगावी निघाले, तो सणाचा दिवस होता. पाहुणे यायचे म्हणून अक्कांनी त्यांच्या पाठोपाठ घर झाडून काढलं. यजमान वाटेत तापानं गेले. "लई गडबड केली बघा मी," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडू लागल्या.

पुढे स्टेशनाजवळ नवं हॉटेल झालं. विजेचे दिवे, भिंतीवर मोठा आरसा, आणि पाऊल ठेवताच झाडलेली खोली तयार. तरुण व्यापारी तिकडे वळले. अक्कांची एकेक खोली बंद पडत गेली. हा नेम सोडा, असं मी सुचवलं. विजापूरच्या शेठजींनी तर हात जोडले. अक्का केरसुणीकडे बघत राहिल्या.

"हितनं गेलेले परत न्हाय आले तरी आपल्या घरी पोचत्यात न्हवं, मास्तर?"

त्या गेल्या तेव्हा विजापूरचे शेठजीच तेवढे उतरलेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना स्मशानापर्यंत चालवेना, म्हणून ते घरीच थांबले. आम्ही परतलो तर शेजारणी घागरी घेऊन अंगणात ताटकळलेल्या, आणि शेठजी उंबरा अडवून बसलेले.

"मास्तर, हे झाडू देईनात," एक बाई म्हणाली. "घर धुवायचं कधी?"

शेठजींनी मान वर केली नाही. "थांबा की, बायांनो. गाडी हलू दे."

शिट्टी मघाशीच होऊन गेली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो. केरसुणी भिंतीलाच टेकलेली होती.