दप्तरी दाखल

‘ती घटना आजही आठवते’ असे लिहून सुरुवात करायचा आमच्या पोलीस खात्यातील लेखकांचा रिवाज आहे. माझी अडचण अशी की ती घटना मी साफ विसरलो होतो. एका चोराने मला तिची आठवण करून दिली, आणि तीही नेदरलँड्समधल्या एका चर्चच्या स्वयंपाकघरात.

निवृत्तीनंतर मी लेकीकडे झूटरमेरला गेलो होतो. जावई नगरकडचा ख्रिस्ती. दर रविवारी आम्ही युट्रेख्टला जायचो. तिथे एका डच चर्चच्या सभागृहात मराठी मंडळींची उपासना असते. मी काही ख्रिस्ती नाही, पण घरी एकटा बसून काय करणार? शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसायचो. खात्याची सवय.

एका रविवारी लेकीच्या सायकलची किल्ली कुलपातच तुटली. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा पन्नाशीचा मराठी गृहस्थ धावत आला. बायको इथे नर्स, तिच्या पाठोपाठ हा आलेला, एवढेच मला ठाऊक होते. ‘थांबा ताई’ म्हणत त्याने पत्र्याची एक पट्टी काढली, कुलपात दोनदा फुंकर मारली, डोळे मिटले आणि अर्ध्या मिनिटात कुलूप उघडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

ती फुंकर मी पाहिली होती. पंचवीसएक वर्षांपूर्वी, माझ्या ठाण्यात, पंचांसमोर. दोन घरफोड्यांत त्याला शिक्षा झाली होती.

परतताना लेक म्हणाली, “बाबा, आम्ही सुट्टीवर गेलो की घराची किल्ली त्यांच्याकडे देणार आहोत. झाडांना पाणी घालतील.”

“तू त्याला कितपत ओळखतेस?”

“बाबा, इथेपण पोलीसगिरी? प्लीज हं!”

 जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मला आयुष्यभराच्या नोकरीने शिकवले होते. पुढचे तीन रविवार मी पाळत ठेवली. तो कोणत्या खोलीत जातो, लोकांच्या कोटांजवळ किती वेळ थांबतो, कोणाशी हळू बोलतो, सगळे पाहिले. काहीच सापडले नाही. काही सापडले नाही की पोलिसाचा संशय कमी होत नाही, वाढतो.

चौथ्या रविवारी तो स्वयंपाकघरात कॉफीचे कप धूत होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. ही माझी जुनी पद्धत. प्रश्न विचारायचाच नाही. मनात काही असले की माणूस आपोआप बोलू लागतो.

याने चार कप पुसून ठेवले. मग म्हणाला, “बसा साहेब, पाय दुखतील.”

“ओळखलंस?”

“पहिल्याच रविवारी. तुम्ही कधी विचारताय, वाट बघत होतो.”

“इथल्या लोकांना माहीत आहे, तू कोण ते?”

“सगळ्यांसमोर साक्ष दिलीय मी. तुमच्या जावयांना ठाऊक आहे, ताईंनाही. किल्ल्या त्यानंतरच दिल्या मंडळीनं. कुलपं तीच आहेत साहेब. आता लोक बोलावतात तेव्हा उघडतो.”

साक्ष म्हणजे मला कोर्टातली ठाऊक. ही मंडळी आपले पूर्वायुष्य आणि आपल्याला प्रभू कसा भेटला हे चारचौघांत सांगतात, त्यालाही साक्षच म्हणतात. मी मनात म्हटले, न्यायाधीश नाही, उलटतपासणी नाही, असली साक्ष कोणीही देईल.

तेवढ्यात तो म्हणाला, “दोन घरफोड्यांची शिक्षा मी भोगली. तिसरी राहिली. डॉक्टरांच्या घरची.”

ती मला आता आठवली. ती घरफोडी मी उघडकीस आणली होती. निदान माझा तसा समज होता. कुलूप फुटलेले नव्हते, म्हणून मी घरच्या मोलकरणीला उचलले. दोन दिवस चौकशी केली. पुराव्याअभावी सोडावे लागले, पण गावाच्या दृष्टीने ती चोर ठरली. पुन्हा तिला कोणी उंबऱ्याच्या आत काम दिले नाही.

“तेव्हा का नाही बोललास?”

“भ्यालो. सुटल्यावर प्रभू भेटला, मग गप्प बसवेना. ठाण्याला लेखी अर्ज दिला होता साहेब. उत्तरही आलं.”

पुढच्या रविवारी ते उत्तर त्याने आणून दाखवले. दोन ओळींचे पत्र. ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ म्हणजे कपाटात गेला. खाली माझी सही. मग आठवले. अर्जाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता. ‘हा येशूच्या नादाने भ्रमिष्ट झाला’ म्हणून मी आणि ठाणे अंमलदार खूप हसलो होतो.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

“त्या बाईंना भेटलास?”

“दोनदा गेलो. पाया पडलो. त्या म्हणाल्या, चोराचं कोण ऐकतंय? साहेबाला आण.” त्याने पत्र घडी करून खिशात ठेवले. “साहेब, याच्यासाठीच देवानं तुम्हाला इथवर आणलं असेल.”

मला देवाचे ठाऊक नाही. लेकीच्या घराची किल्ली मात्र मी स्वतः त्याच्या हातात दिली आणि गावी परतलो.

जिथून मी तिला उचलले होते, त्याच गल्लीत ती अजून राहते, आता म्हातारी झाली आहे. मला पाहताच तिने डोक्यावरचा पदर ओढला. मी उभ्या उभ्या सांगितले, “बाई, तुम्ही चोरी केली नव्हती. चूक माझी होती. खरा चोर मला लिहून कळवत होता, तरी मी ऐकलं नाही.”

“तोंडी नको साहेब. लेखी द्या.”

मी लिहून दिले. नोकरीत मी हजारो जबाब घेतले असतील. स्वतःचा दिला तो हा पहिलाच, आणि संशय घेण्यात हुशार असलेल्या माणसाने एकदा तरी स्वतःवर घ्यावा, एवढे तो लिहिताना शिकलो.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. “शिक्का कुठंय?”

“शिक्का आता माझ्याकडे नसतो, बाई.”

तिने कागद माझ्या हातात परत दिला. मग तिने दार सताड उघडले.

“मग बाहेर उभं राहून वाचा. मोठ्यानं. मला नेलंत तेव्हा गल्ली अशीच बघत होती.”

मी पायरीवर उभा राहिलो आणि वाचू लागलो. समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. मग शेजारची आली.