नाकावरचं फडकं

बाई आधी ओकली, मग कामाला लागली. कातडी कमावायच्या कारखान्यातला तिचा पहिला दिवस असा उजाडला.

आत पाऊल टाकलं तोच वास अंगावर धावून आला. मीठ चोळलेली ओली कातडी, चुन्याचे हौद, खरवडून फेकलेली चरबी. त्या चरबीचे पिवळट लोळ पायाखाली बुळबुळत होते आणि त्यांवर माश्यांची जत्रा भरली होती. पोटात होतं नव्हतं ते नालीत गेलं. म्हातारा मुकादम गालातली तंबाखू न हलवता म्हणाला, "चूळ भर आणि परत ये. सवय होते."

सवय झाली नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

तिचा नवरा इथंच कामाला होता. ओली कातडी उचलता उचलता त्याची कंबर गेली आणि तो खाटेला खिळला. धाकट्या दिराचं कापडाचं दुकान. तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे या. मागची खोली आहे, घरातलं कराल, दोन घास खाल." जाऊबाई एवढ्या मायाळू, की बाई हो म्हणायच्या आतच त्यांनी धुण्याचं बोचकं तिच्या पुढ्यात टाकलं. बाईला शिसारी आली. तशीच उठली आणि मालकाकडं जाऊन नवऱ्याची जागा मागितली. ती टिकली तर आपली चूल, नाहीतर जन्मभर जावेचं धुणं.

कारखान्यात एक रीत होती. नाकाला फडकं बांधायचं नाही. आलेलं प्रत्येक कातडं हुंगायचं, मगच भिजायला घालायचं. एक नासकं आत गेलं की आपल्यासोबत अख्खा हौद घेऊन बुडतं. बाईनं थोडे दिवस दम धरला. मग मुकादमाची पाठ वळली की फडकं वर, तो परत तोंड इकडं करी की खाली. हुंगायचं नुसतं सोंग. व्हायचं तेच झालं. हौदातून कातडी काढली तर ती शेंबडासारखी हातातून गळायला लागली.

मालक कडाडला, "एवढं नाजूक नाक असेल तर घरी बसून कांदे सोल त्यानं! पुन्हा हौद नासला, तर तू नाहीस इथं."

घरी गेली तर जाऊबाई नवऱ्याच्या खाटेपासून चार हात लांब, नाकाला पदर लावून उभ्या. "दमलात हो! येताय ना मग आमच्याकडे?"

"दमले," बाई म्हणाली, "पण मेले नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं ते फडकं चुन्यात फेकलं. तेव्हापासून हुंगायची, ओकायची, चूळ भरायची, पुढचं कातडं ओढायची. नवऱ्याला भाकर भरवताना आपलेच हात आपल्यापासून लांब धरायची. सगळे हसायचे. दोन मुठींच्या सुरीनं चरबी खरवडणारा एक दांडगट ओरडायचा, "काय गं, पोटुशी आहेस काय?"

"हो," ती तोंड पुसत म्हणायची, "आणि पोर तुझ्या तोंडवळ्याचं निघेल या भीतीनंच ओकते!"

एकदा मोठा ढीग आला. मुकादमानं वरवर हुंगून हात हलवला, "घाला भिजायला." बाई ढिगाकडं वाकली आणि तिचं पोट मुळापासून उसळलं. नालीवरून परत आली ती थेट ढिगावर बसली.

"खालचं गेलंय."

"अगं, तुला तर सगळंच गेलेलं वाटतं," मुकादम हसला.

"घालू देणार नाही."

मालक आला, शिव्या देऊन झाल्या. ती हलली नाही. शेवटी तिनं एकटीनं एकेक कातडं ओढून बाजूला केलं. तळातलं वर काढलं आणि केसांना धरून ओढलं. मूठभर केस सुटून हातात आले, कातडं आतून कुजलं होतं. मुकादमानं ते कातडं आपल्या नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, पण त्याला कसलाच वास आला नाही. जन्मभराच्या सवयीनं त्याचं नाक कधीच मेलं होतं. बाईचं मेलं नव्हतं. सवय न होता टिकली, म्हणूनच जिवंत राहिलं होतं.

पुढं मुकादम थकला आणि त्याची जागा तिला मिळाली. चूल पेटती राहिली. नवऱ्याच्या खाटेला गादी आली. लोक म्हणायचे, बाईची जिद्द मोठी. बाई म्हणायची, "जिद्द कसली? घाण आहे ती, रोजची. गिळायची नाही, थुंकायची आणि पुढं जायचं."

मग एक दिवस कारखान्याच्या दारात दीर उभा राहिला. दुकान बसलं होतं. नाकावर चांगला इस्त्रीचा रुमाल.

"वहिनी, काही काम असेल तर..."

बाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आज तिला दोनदा मळमळलं होतं, हे तिसरं.

"आहे की. हा ढीग हुंगायचा. रुमाल काढा भाऊजी, इथं चालत नाही."

त्यानं रुमाल काढला, वाकला आणि तोंड धरून पळत सुटला.

"नाली डाव्या हाताला!" बाई मागून ओरडली. "चूळ भरा आणि परत या."