पान्याने उघडणारं घर

माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, सिमेंटवर श्रद्धा होती. सगळी नोकरी सरकारी बांधकामात गेली. भिंतीवर बुक्की मारायची, हात दुखला तर भिंत खरी, नाहीतर नाटक. मी जबलपुरात लोकांना घरं आखून देते, पण माझी घरं त्यांच्या लेखी नाटकातच जमा होती.

नेपियर टाउनमधल्या त्यांच्या दुमजली घरामागे आम्ही आमचं घर उभं केलं, ते सासऱ्यांच्या शब्दावर. सगळी जागा सासऱ्यांनी आधीच थोरल्याच्या नावे करून टाकली होती. मागचा भाग धाकट्याचा, हे नुसतं तोंडी. माझा नवरा कागद मागणाऱ्यातला नाही. मी मागायला हवा होता, हे आता सांगून उपयोग नाही.

जमिनीत काँक्रीटचे बारा ठोकळे, त्यांवर नट-बोल्टांनी कसलेला लोखंडी सांगाडा, आणि भिंती म्हणून दाबलेल्या पेंढ्याचे तक्ते, दोन्ही अंगांनी सिमेंटच्या पातळ पत्र्याचे. जबलपूरजवळ पाटनकडे शेतात जाळून टाकतात, तोच पेंढा. प्रत्येक तक्त्यावर मी रंगाने नंबर घातला होता. घरातली माणसं वाढली, म्हातारी झाली, तर भिंत सरकवता यावी, एवढाच माझा हट्ट.

भासऱ्यांनी बुक्की मारली, हात दुखला नाही. "गाय आली तर भिंत खाऊन जाईल," म्हणाले. मी वास्तुशांतीचा मुहूर्त काढला, तेव्हा तर सगळ्या नातेवाइकांसमोर ते खदखदून हसले. "डब्याची कसली वास्तुशांत? गुरुजी, आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरायचा म्हणजे वर पक्कं घर लागते. हा डबा आहे. उद्या उचलून नेला तर देव जमिनीतच राहून जाईल." गुरुजी वरमले. पूजा झालीच नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ दिलं, पण विसरले नाही.

पुढे सासरे गेले आणि वर्षभरात सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांची खोली पुढच्या घरात वर, सतरा पायऱ्या चढून. मी भासऱ्यांना म्हटलं, खालच्या खोलीची एक भिंत काढू, तिथंच न्हाणीघर करू. "पिलर हलेल," म्हणाले, आणि विषय संपला. मग मी माझ्या घरातली भिंत दोन दिवसांत सरकवली. रुंद दार, उंबरठा नाही, पलंगापासून न्हाणीघर चार पावलांवर. आई, म्हणजे सासूबाई, त्या खोलीत वॉकर धरून पुन्हा चालायला लागल्या.

तिथं त्या तीन वर्षं होत्या. मग पुतण्याचं लग्न ठरलं आणि भासरे आमच्याकडे येऊन बसले.

"मागचं मकान आता पोराला देऊन राहिलो. तुम्ही आपलं पाहून घ्या. आईला वर घेऊन जातो."

"सतरा पायऱ्या?" मी विचारलं.

"तर काय झालं? उतरायचं काहून आहे तिला? देखो, जमीन हमारी है, तो जो उसपे खड़ा है, वो भी हमारा."

पलीकडच्या खोलीत आईंचा वॉकर थांबला होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या जमिनीवर घर कुठे उभं आहे? डबा आहे ना हा? देवही तुम्ही पुरू दिला नाही. मग डबा मी उचलून नेते."

ते हसले. त्यांना खरंच वाटलं, मी तोंडाची वाफ दवडते आहे.

पाटन रोडला नवऱ्याच्या नावावर जमिनीचा एक तुकडा होता. तिथं मी गुपचूप बारा ठोकळे ओतून घेतले. ते सुकेपर्यंत मी भासऱ्यांशी इतकी गोड वागले की नवरा घाबरला. मुलीकडची माणसं नागपूरहून नव्या जोडप्याचं घर बघायला कधी येणार, तेही मी गोड बोलूनच काढून घेतलं. आणि दिवस मोजून, त्याच्या आधीच्या चार दिवसांत, दोन फिटर आणि मी पाने घेऊन कामाला लागलो. नंबरवार तक्ते उतरत गेले. भासरे आधी ओरडले, मग वकिलाला फोन केला. तो उचलत नव्हता. शेवटी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मला फार फार बरं वाटलं. नागपूरचे सोयरे आले, तेव्हा गाड्या भरत होत्या आणि जागेवर बारा ठोकळे होते. त्या मुलीचं तोंड उतरलं. तिचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईंची खोली सगळ्यात शेवटी उतरवली. त्या अंगणात वॉकर धरून उभ्या होत्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, मेरा कमरा कौनसी गाड़ी में है?" त्याने दाखवली. आम्ही धरून चढवलं आणि त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. थोरल्या मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पाटन रोडला वास्तुशांत झाली, आग्नेयेला देव पुरला. पुढच्या घरात आता पुतण्या आणि त्याची बायको खाली राहतात. भासऱ्यांचे गुडघे गेले, आणि ते वर असतात. गेल्या रविवारी ऑटोने आईंना भेटायला आले, त्यांच्या खोलीतलं न्हाणीघर, ते रुंद दार बराच वेळ बघत बसले. निघताना ओट्यावर माझ्यापाशी थांबले.

"खाली एक खोली करून देता येईल का अशी? मधली एक भिंत काढली तर..."

दोन दिवसांचं काम होतं. कुठली भिंत, तेही मला माहीत होतं, मीच त्यांना पूर्वी दाखवली होती.

"पिलर हलेल, भाऊजी," मी म्हटलं.

ते मान हलवून हळूहळू ऑटोकडे गेले. मी आत वळले तर आई त्यांच्या दारात उभ्या. पेंढ्याची भिंत ऊन अडवते, आवाज नाही अडवत. त्यांनी वॉकर वळवला आणि मी त्यांच्यासाठी रुंद केलेलं दार आतून लावून घेतलं.

आज बुधवार. आई जेवण खोलीतच मागवतात. मी भासऱ्यांना अजून फोन केलेला नाही.