नवऱ्याला विचारून ये

“पहले घर में पूछ के आओ,” मी संगीताला म्हटलं आणि तिचं कार्ड तिच्या हातात परत दिलं.

इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. कुटुंब नियोजनाचं टेबल माझ्याकडे. संगीता नदीवरच्या राम घाटावर फुलं-दिवे विकायची, नवरा ई-रिक्षा चालवायचा. तीन मुलं, धाकटी सात महिन्यांची. तिला तीन महिन्यांचं इंजेक्शन हवं होतं. ते दंडात घेतलं की तीन महिने गर्भ राहत नाही. रोज गोळी आठवायला नको, घरात काही लपवायला नको. बायका ते त्यासाठीच मागतात.

“गोलियाँ तो सास ने फेंक दीं,” ती हळूच म्हणाली. “पूछूँगी तो मना ही करेंगे, दीदी.”

“तो उनको साथ लेकर आना. मैं समझाऊँगी.”

नियम मला पाठ होता. डॉक्टर तपासतात, बाईची संमती घेतात. नवऱ्याची परवानगी लागत नाही. पण आदल्याच महिन्यात इंजेक्शननंतर एकीची पाळी अनियमित झाली होती. तसं होतं, त्यात सहसा धोका नसतो. तिची सासू मात्र केंद्रात येऊन सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडली होती, सुनेला वांझ केलं म्हणून. तो तमाशा मला पुन्हा नको होता. म्हणून मी संगीताला डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जाऊच दिलं नाही. कंडोमची पाकिटं तिच्या पिशवीत टाकली. ती वापरणं तिच्या हातात नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं.

पाच महिन्यांनी ती आली. चौथा महिना लागलेला, हिमोग्लोबिन अकराच्या जागी सात.

डॉक्टर मॅडम भडकल्या. “इतने साधन मुफ़्त मिलते हैं. कुछ लिया क्यों नहीं? तुम लोग सुनती ही नहीं हो!”

संगीतानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, “गलती हो गई, मैडम.”

मी शेजारीच उभी होते. मॅडमही माझ्यासारख्याच मराठी; माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “सिस्टर, हिला जरा नीट समजवा.” मी “हो” म्हटलं. अजून ते ‘हो’ आठवलं की कानशिलं तापतात.

बाहेर बाकावर तिच्याजवळ बसून मी विचारलं, “मेरा नाम क्यों नहीं लिया?”

“आगे भी तो आपके ही पास आना है, दीदी.”

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती फक्त हिशेबी बाईसारखी खरं बोलली होती.

मॅडमना सगळं सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “अशा किती जणींना परत पाठवलंत?”

“आठवत नाही, मॅडम.”

हे खरंच होतं. मी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं.

आम्ही तिला लोहाचे डोस दिले, मी दर आठवड्याला तिच्या घरी जात राहिले. तरी बाळंतपणात खूप रक्त गेलं. मोठ्या इस्पितळात तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. ती वाचली, मुलगीही चांगली आहे. दीड महिन्यानं ती केंद्रात आली तेव्हा मी म्हटलं, “मेरी गलती थी, संगीता.”

“लगा दो,” ती म्हणाली.

मॅडमनी तपासलं, मी इंजेक्शन दिलं. दंड चोळू नको म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि निघून गेली. तिनं मला माफ केलं का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

बायका साधनं का वापरत नाहीत, यावर आमचं दरवर्षी ट्रेनिंग होतं. कारणं फळ्यावर लिहायची असतात. नवरा, सासू, भीती, गैरसमज. मागच्या खेपेला मी उठले आणि त्यांच्याखाली ‘सिस्टर’ असं लिहिलं. त्या दिवशी चहाची सुट्टी जरा लवकर झाली.