गुरुवारची मंडळी

आमच्या घरात माझी ओळख "संगणकावर काहीतरी करते" अशी होती. पाहुण्यांना सांगताना सासूबाई त्या "काहीतरी"वर असा जोर देत की पाहुणे पुढचं विचारतच नसत. खरं म्हणजे मी नगरला दिल्ली दरवाजापाशी एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या सरांनी टाइपरायटरांच्या रांगेमागे पार्टिशन घातलं, दोन संगणक मांडले, फोनची वायर जोडली आणि बाहेर "इंटरनेट" अशी पाटी लावली. पाटी वाचून लोक आत येत. ते कुठे बघायला मिळतं असं विचारत, आणि मी कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवून "येतंय, येतंय" म्हणत असे. पुष्कळदा ते यायचंच नाही. लोक रसवंतीत जाऊन बसायचे.

गिऱ्हाईक नसलं की ते मशीन माझं. त्यात माझी मंडळी राहत होती.

ही मंडळी म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी लागणाऱ्या एका मराठी मालिकेचे चाहते. मालिका कधीपासून चालू होती हे आम्हालाही धड आठवत नसे. सासऱ्यांच्या मागे त्यांचा छापखाना चालवणारी थोरली सून, घर सोडून निघून गेलेला तिचा नवरा, आणि तो परत येतो की नाही, एवढ्यावर सगळा डोलारा उभा होता. एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्यांना जायची. मशिनाला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. वाचणाऱ्याने अंदाजाने समजून घ्यायचं. निम्मे लोक परदेशात. त्यांना मालिका दिसत नसे. म्हणून रिवाज पडला होता की ज्याला दिसते त्याने गुरुवारी बघायचं आणि शुक्रवारी वृत्तांत लिहायचा. ते काम माझ्याकडे आलं. माझं लिखाण चांगलं म्हणून आलं, अशी माझी समजूत होती. पुढे कळलं की माझा टायपिंगचा वेग बघून दिलं होतं.

वृत्तांत दोघी मिळून तयार करत असू. मी गोष्ट लक्षात ठेवायची, सासूबाईंनी नेसणं. त्या पाथर्डीकडच्या. टीव्हीसमोर मांडी घालून बसत आणि भाग संपला की मला बजावत, "त्या लोकाईला सांग, थोरलीनं जांभळं नेसलं हुतं. आन् पदर धड घेतला न्हवता." मी हे शेवटी तळटीप म्हणून घालत असे. लोक ती आधी वाचत.

या मंडळींत एक ताई होत्या. आम्ही त्यांना राहुरीच्या ताई म्हणायचो. वडील कृषी विद्यापीठात नोकरीला, त्यामुळे बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. लग्न होऊन त्या कॅनडातल्या कुठल्याशा लहान गावात गेल्या होत्या. त्या गावात दुसरं मराठी माणूस नव्हतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही, फोटोतसुद्धा नाही. पण माझं लिखाण इतकं नीट वाचणारं माणूस मला ना आधी भेटलं, ना नंतर. मी "थोरली चिडली" असं लिहून मोकळी झाले की लगेच विचारणा व्हायची, चिडली म्हणजे काय केलं? ताट सरकवलं की बोलली? बोलली तर कुणाकडे बघून? मग मला खरंच आठवावं लागायचं. नाही आठवलं तर सासूबाईंना विचारावं लागायचं.

ताईंचं कायमचं भांडण संगमनेरच्या काकांशी. काका दूध डेअरीतून निवृत्त झालेले, मुलाच्या संगणकावर बसून सगळ्यांना टोमणे मारणारे. माझ्या वृत्तांताला ते "मालिकेपेक्षा लांब" म्हणत. त्यांचं मत असं की थोरलीचा नवरा परत येणारच. मालिकेत निघून गेलेला माणूस परत येतोच, नाहीतर गेला कशाला? ताईंचं म्हणणं, तो येणार नाही आणि येऊही नये. छापखाना तिने उभा केला, आता दारात कुणी येऊन बसायला नको. आठवड्यामागून आठवडे हे दोघं भांडत आणि आम्ही बाकीचे मध्ये मध्ये काडी घालत बसू.

मग ताईंच्या मेल यायच्या थांबल्या. आम्हाला वाटलं, गावी आल्या असतील. नंतर त्यांच्याच पत्त्यावरून एक मेल आली, इंग्रजीतली. लिहिणारे त्यांचे यजमान होते. ते कानडी. मराठी ऐकून थोडं समजायचं, त्यापुढे नाही. त्यांनी लिहिलं होतं की तिचं यकृत निकामी होत चाललंय, डॉक्टर आता महिने म्हणत नाहीत, आठवडे म्हणतात. ती पडल्या पडल्या तुमच्या मालिकेबद्दल बोलत असते. मला त्यातली माणसं माहीत नाहीत. शेवट काय होणार आहे हे कुणी सांगू शकेल का? मला तिला तो सांगायचा आहे.

मग सगळेच लिहायला लागले.

मुंबईच्या एकाची मालिकेच्या संकलकाशी ओळख होती. त्याने विचारून कळवलं की शेवट कुणालाच ठाऊक नाही. जाहिराती मिळतात तोवर चालवायचं, एवढंच ठरलेलं आहे. तेव्हा ठरलं, शेवट आपणच लिहायचा. इतकी वर्षं बघतोय, आपल्याशिवाय कोण लिहिणार?

आणि मग जे आमच्यासारख्यांचंच होऊ शकतं ते झालं. शेवट बरोबर असला पाहिजे, यावर आम्ही अडलो. बहारीनच्या एक बाई म्हणाल्या, जाणाऱ्या माणसाला गोड शेवट द्यावा, नवऱ्याला परत आणा. कुणी म्हणालं, ताईंना ते पटणार नाही. मग नवरा परत येतो, पण थोरली दार उघडत नाही, असं निघालं. त्यावर प्रश्न आला की मग छापखाना कुणाच्या नावावर? सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं होतं की नव्हतं? ते फार पूर्वीच्या एका भागात दाखवलं होतं, म्हणून माझे जुने वृत्तांत उकरून काढले गेले. त्यावरून आणखी वाद. मला आश्चर्य काकांचं वाटलं. एवढी वर्षं "तो येणार" म्हणणारा माणूस आता नवऱ्याला येऊ द्यायला तयार नव्हता. त्यांनी लिहिलं, "ती माझ्याशी कायम भांडली. आता ती उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा मी जिंकू काय?"

आता वाटतं, त्या दिवसांत आम्ही सगळे जरा रंगातच होतो. इन्स्टिट्यूटमध्ये मुलं परीक्षेच्या स्पीडचा सराव करत असायची, टाइपरायटरांचा कडकडाट चाललेला, आणि पार्टिशनमागे मी एका नसलेल्या माणसाच्या मृत्युपत्रावर पानभर लिहीत असायची. डॉक्टरांनी दिलेले आठवडे असे चालले होते.

अखेर ठिगळं लावलेला एक मसुदा निघाला. नवरा येतो, छापखान्याच्या दारातून मशिनांचा आवाज ऐकतो आणि आत न जाता परत फिरतो. कुणालाच पूर्ण पटला नाही, म्हणून सगळ्यांनी मान्य केला. पाठवू का, असं यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, तिला आता पडद्याकडे बघवत नाही, आणि मी वाचलं तर शब्द चुकतील, तुमच्यापैकी कुणी फोनवर वाचाल का? टायपिंगचा वेग माझा, म्हणून वाचायचंही माझ्याकडेच आलं.

एका संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी सावेडीतल्या आयएसडी बूथवर गेले. सासूबाई बरोबर आल्या. नेसण्याबद्दल विचारलं तर तुला काय सांगता येणार, हे त्यांचं कारण. काचेच्या खोक्यात आम्ही दोघी कशाबशा मावलो. बाहेर बाकावर लोक ताटकळत होते. फोन यजमानांनी उचलला, "एक मिनिट" म्हणाले, आणि रिसीव्हर उशीला घासल्याचा आवाज आला.

"ताई, मी नगरहून बोलतेय. गुरुवारची."

पलीकडून जड श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "असा आहे होय तुझा आवाज? मला वाटलं, जाडा असेल."

"जाडी मी आहे, आवाज नाही," मी म्हणाले.

त्या हसल्या. ते हसणं त्यांना महागात पडलं. पलीकडे बराच वेळ खोकला चालला. तो थांबल्यावर मी पिशवीतून कागद काढले आणि म्हणाले, "ताई, शेवट सांगते."

"कसला शेवट?"

"मालिकेचा."

"संपली?"

"नाही, संपली नाही. पण आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलेलं मला काय करायचंय?" मध्ये पुन्हा श्वास. "या गुरुवारी काय झालं ते सांग."

त्या गुरुवारी मालिका लागलीच नव्हती. तिच्या जागी कुठल्याशा समारंभाचं थेट प्रक्षेपण होतं, फुलांचे गुच्छ आणि भाषणं. माझ्या हातात अख्ख्या मालिकेचा शेवट होता, आणि एका साध्या गुरुवारची गोष्ट मला रचता येईना. रचली असती तर त्यांनी लगेच विचारलं असतं, कुणाकडे बघून बोलली?

"या गुरुवारी भाग झाला नाही, ताई. कसला तरी समारंभ दाखवला."

"झालाच नाही?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझं काही बुडालं नाही."

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला. "मी सासू बोलते," त्यांनी सुरुवात केली. मग पलीकडचं ऐकत "व्हय", "व्हय बाई", "लई आलेत" एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पुढल्या गुरवारी बघून सांगते मी, तिनं काय नेसलंय ते." आणि फोन जागेवर ठेवला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, ताई काय म्हणत होत्या? सासूबाई म्हणाल्या, "राहुरीला पेरू आलेत का म्हणून इचारत हुती." पेरूचे दिवस नव्हते. सासूबाईंनी आलेत म्हणून सांगितलं होतं. घरी आल्यावर मी ते कागद बंबात टाकले.

ताई बुधवारी गेल्या. यजमानांची दोन ओळींची मेल आली. तिच्याखाली सगळ्यांनी लिहिलं ते लोक लिहितात तसंच होतं. काकांनी एवढंच लिहिलं, "तो परत येत नाही. मान्य." त्यानंतर काका मंडळीत फारसे बोलले नाहीत. मुलाने संगणक नाशिकला नेला असं कळलं. तेच कारण असेल.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. टीव्ही लावावा की नाही म्हणून मी स्वयंपाकघरात उगाच घुटमळत होते. सासूबाईंनीच लावला. बघून सांगते म्हटलं होतं ना, एवढंच म्हणाल्या. त्या भागात काही म्हणजे काही घडलं नाही. थोरली खिडकीत बसून जुनं आठवत होती आणि तिला आठवतं म्हणून जुनेच तुकडे दाखवत होते. बहुतेक चित्रीकरण रखडलं असावं. "साडीबी जुनीच हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या. शुक्रवारी मी वृत्तांत लिहिला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात आखूड. तळटीपही घातली. पत्ता मंडळींचाच. त्या यादीतून ताईंचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं.

त्यावर यजमानांचं उत्तर आलं, फक्त मला. त्यांनी लिहिलं होतं, दर आठवड्याला तुमची पत्रं यायची तेव्हा मी शेजारच्या खोलीत असायचो. ती एकटीच हसायची. मी कधी विचारलं नाही. ती कशाला हसायची?

गिऱ्हाइकाला थांबवून मी उत्तर लिहायला बसले. एकदा छापखान्यात शाई सांडते आणि पुढचे कितीतरी भाग ती सांडतच राहते, तेव्हा काका म्हणाले होते की एवढी शाई आहे, तेवढं आमच्या डेअरीत दूध नसतं. त्यावर ताई फार हसल्या होत्या, तसं लिहिलंही होतं. ते मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगायला गेले. आधी शाई का सांडली ते सांगावं लागलं. मग काका कोण, डेअरी कुठली, संगमनेरला दूध किती, आणि काकांनी हे बोलण्यात गंमत काय. लिहिता लिहिता मलाच त्यात काही गंमत दिसेना. तरी पाठवलं.

त्यांचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. समजलं नाही, त्यांनी लिहिलं होतं. पण पाठवत जा.

मी पाठवत गेले. ते वाचत होते की नुसते येऊ देत होते, मला माहीत नाही. काही महिन्यांनी एका गुरुवारी मालिकेच्या जागी दुसरंच काहीतरी लागलं, पुढच्या गुरुवारीही तेच, आणि मालिका बंद झाल्याचं आम्हाला तसंच कळलं. शेवट कुणी दाखवला नाही. शुक्रवारी मी पार्टिशनमागे बसून ताईंच्या यजमानांना तेवढंच कळवलं.