ढब्बूला नाकारलेला शंख

परवा आमच्या घरात एक मृत्यू झाला, आणि त्याला मी जबाबदार आहे.

मरण पावला तो एक खेकडा. सुपारीएवढा.
या पोस्टखाली कोणी हसरे चेहरे टाकू नयेत. काल स्टेटस पाहून आमच्या एका आप्ताने "काका, रस्सा करायचा होता" असे लिहिले. त्यांचा नंबर मी ब्लॉक केला आहे. ते हे वाचत असतील तर त्यांना कारण कळावे.

माझी नात सई दुसरीत आहे. शंखात राहणारे खेकडे पाळायचे, हा तिचा महिनाभराचा ध्यास.
तिने वहीत यादी केली होती. काचेची पेटी. ओली वाळू. नारळाची करवंटी. दोन वाट्या, एकीत गोडे पाणी, एकीत खारे.
नळाला पाणी येण्याच्या वारी ती बादली भरून दोन दिवस उघडी ठेवी. "औषध उडून जाऊ दे, आजोबा. त्यांना सोसत नाही."
आपल्या कोरड्या हवेत त्यांचा श्वास कोंडतो, म्हणून पेटीवर ओला पंचा. तोही माझाच.

यादीतली शेवटची ओळ होती: "रिकामे शंख, मोठे, चार. उकळून घेणे."

ती ओळ मी खोडली. लाल पेनने.

पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. हात थांबत नाही.
"अगं, शंख त्याच्या अंगाचाच असतो. कासवाच्या पाठीसारखा. तो वाढला की शंखही वाढतो."
"नाही आजोबा, व्हिडिओत दाखवलंय. ते घर बदलतात."
"व्हिडिओत काहीही दाखवतात."

आयुष्यात एकदाही समुद्राकाठी न राहिलेला मनुष्य हे किती ठामपणे बोलला!

माझ्या मुलाने गावातल्या दुकानातून दोन खेकडे आणले. त्यांचे शंख ऑइलपेंटने रंगवलेले, वर फुटबॉल काढलेला.
मी सोबत होतो. दुकानदाराला विचारले, "यांना लागते काय?"
"चाचा, टेन्शन नक्को लेव. थोडं पाणी, थोडं खाणं. लई साधा प्राणी हाय."

साधा! ज्याने जिवंत प्राण्याच्या घरावर चित्रे काढून विकली, त्याला तो साधाच वाटणार.
आणि त्या "साधा"वर मी मान डोलावली.

सईने नावे ठेवली, ढब्बू आणि टिंगू.

पाचव्या दिवशी ढब्बू शंखातून बाहेर आला आणि परत आत गेला नाही. शंख त्याला अपुरा पडत होता की त्या रंगाचा त्रास होत होता, मला ठाऊक नाही. पुढून चिलखत घातलेला योद्धा, आणि मागचे अंग उघडे, मऊ, गुलाबी. तान्ह्या बाळासारखे. पेटीच्या कोपऱ्यात तो ते अंग दडवीत बसला होता.

मुलाने ऑनलाइन शंख मागवले. ते सोमवारी येणार होते. तो दिवस शुक्रवार.

शनिवारी सकाळी मी पूजेला बसलो होतो. सई देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.
"पारोशी आत येऊ नकोस."
"येत नाहीये. तो शंख द्या ना. ढब्बूला घर हवंय."
"तो देवाचा आहे."
"देव राहतो त्यात?"
"नाही."
"मग रिकामाच आहे ना?"

उत्तर नसले की मोठी माणसे जे करतात, तेच मी केले. आवाज चढवला.
"पूजेचा शंख खेकड्याला? काही विटाळ-चांडाळ आहे की नाही?"

ती गेली. मी त्याच शंखातल्या पाण्याने देवाला स्नान घातले.

त्यात ढब्बू शिरला असता की नाही, कोण जाणे. मी त्याला संधीच दिली नाही.
रविवारी दुपारी तो गेला.

संताप कशाचा येतो, सांगतो. त्याच रविवारी संध्याकाळी देवळात माझे प्रवचन होते. विषय भूतदया. मी तासभर बोललो. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले.
अरे, घरी एक जीव आडोसा मागत मेला, आणि हा गृहस्थ माइकवर करुणा वाटतो आहे!
जो शंख मी रोज गंध-फूल लावून पुजतो, तोही एके काळी कोण्या जिवाचे घर होता, एवढे साधे मला सत्तराव्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलीकडून कळावे!

काल सकाळी त्याला पुरायची वेळ आली. मी म्हणालो, "सई, तुळशीत ठेवू या त्याला."
तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.
"नको. ती पण देवाचीच आहे."

जास्वंदीच्या कुंडीत पुरला.

दुपारी मी देवघरातला शंख काढला आणि यादीतल्या सूचनेप्रमाणे उकळत ठेवला. सूनबाई ओरडल्या, "बाबा, ते दुधाचं पातेलं आहे!" असू दे. गार झाल्यावर टिंगूच्या पेटीत ठेवला.
सईने वही आणली. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले.
"परत लिहा. लाल पेननेच."
लिहिले.

मागवलेले चार शंखही संध्याकाळी आले. टिंगूने अजून एकाकडेही पाहिलेले नाही. आज पूजेत शंख नव्हता. देवाने तक्रार केलेली नाही. सई अजून माझ्याशी बोलत नाही, आणि ते योग्यच आहे.

ढब्बू, तू फक्त एक रिकामी जागा मागितली होतीस. ती माझ्या हातात होती.
क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही. नमस्कार तेवढा घे.