सबनीस वकिलांचं रिकामं कोर्ट

खटल्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सबनीस वकील साक्षीदाराला रिकामं कोर्ट दाखवायला न्यायचे. ते सिल्वासाचे सरकारी वकील. सरकारी चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. मी रत्नागिरीकडून इथल्या शाळेत शिकवायला आलेली. साक्षीदार बाईमाणूस असली की दारातूनच हाक यायची, "बाई, चला! तुम्ही असलात की तिला जरा बरं वाटेल."

रिकाम्या कोर्टात सगळी सोंगं ते एकटेच काढायचे. न्यायाधीशांच्या खुर्चीशेजारी उभं राहून कपाळाला आठ्या घालायचे. मग ते गोल शरीर सांभाळत लगबगीनं खाली यायचे आणि कारकून होऊन हवेत खरडायचे. "घाबरायचं असेल तर आज पोटभर घाबरून घ्या. उद्या सवड मिळायची नाही," असं प्रत्येकाला सांगायचे. गुन्ह्याबद्दल मात्र चकार शब्द काढायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "काय बोलायचं ते साक्षीदाराचं. कुठं उभं राहायचं आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, एवढंच सांगणं माझं."

गलोंड्याची जमनी मला तिथंच भेटली. बांधाच्या भांडणात गावातल्या एका बड्या माणसानं तिच्या भावाला कुऱ्हाडीनं ठार मारलं होतं, आणि ते पाहणारी ती एकटीच होती. खटल्याच्या पहिल्या तारखेला त्या माणसाचे नातेवाईक कोर्टाच्या आवारात बसून तिच्याकडे नुसते बघत राहिले. बोलले काहीच नाहीत. पुकारा होण्याआधीच जमनी घरी पळाली.

सबनीस तिच्या घरी गेले, सोबत मला घेऊन. मला वाटलं, आता रागावणार. तर हेच अंगणात उभं राहून म्हणाले, "जमनीबाई, चुकलं माझं. तुम्हाला त्यांच्यासमोर बसवायला नको होतं." त्या काळी वारली बाईला 'तुम्ही' म्हणणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही. जमनीनंही पाहिला नसावा. ती म्हणाली, "येते."

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीवर उतरली. संध्याकाळी पुन्हा रिकाम्या कोर्टात सबनीस आरोपीचे वकील झाले. टेबलावर मूठ आपटून गरजले, "खोटं बोलतेस!" जमनी दचकली. पण त्या गर्जनेबरोबर त्यांचं पोटही हललेलं तिनं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून ती जी हसत सुटली, ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी आरोपीचे खरे वकील तसेच गरजले, "खोटं बोलतेस!"

जमनी शांतपणे म्हणाली, "काल या सायबांनी याच्याहून मोठ्यानं ओरडून दाखवला."

कोर्ट हसलं. वकील मात्र हसले नाहीत. "साहेब, साक्षीदार पढवलेली आहे!" सबनीसांचा चेहरा पांढराफटक पडला. खटला आता हातचा जातो की काय, असं मलाही वाटलं.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "काय शिकवलं तुला यांनी?"

"कुठं उभी राहायची ते. आन् माहीत नसला तर नाय माहीत सांगायचा."

"असं?" वकील पुढे सरसावले. "मग सांग, कुऱ्हाड कुठल्या हातात होती?"

"नाय माहीत."

"सगळं पाहिलंस म्हणतेस, आणि हात माहीत नाही?"

"मी भावाकडं बघत होती."

वकील खाली बसले.

आरोपीला जन्मठेप झाली. निकाल साक्षीदाराला स्वतः जाऊन सांगायचा, हा सबनीसांचा नियम होता. खटला हरले तरी जायचे. सायली गावात एकदा एका म्हाताऱ्यानं, आपल्या मुलाला मारणारा सुटला म्हणून, त्यांना अंगणात उभं करून शिव्या घातल्या. सबनीस सगळं ऐकून परत आले. "त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं," मला म्हणाले, "मी सापडलो, बरं झालं."

जमनीला निकाल बाजारात आधीच कळला होता. तरी आम्ही गेलो. तिनं नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवली, आणि काही न विचारता भावाबद्दल बोलायला लागली. तो लग्नांमधून किती बेसूर गायचा, दुसऱ्यांच्या ताडावरची ताडी उतरवून कसा साळसूद चेहऱ्यानं फिरायचा, एकदा पकडला गेला तेव्हा मालकालाच त्यातली पाजून कसा सुटला! सबनीस इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून पुसत "मग? मग काय झालं?" विचारत राहिले.

परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, "बाई, इतके महिने मी त्याच्या मरणाचीच माहिती गोळा करत होतो. माणूस कसा होता, ते आज कळलं."